गिटारमधला 'एफ'चा घाट

गिटार हाती घेतल्यावर पहिले काही आठवडे बहुतेकांचे सुखात जातात. सी, जी, ए मायनर अशा कॉर्ड बोटांत बसू लागतात, एखादे चित्रपटगीत ओळखू येईल इतपत वाजते आणि घरच्यांचे कौतुकही पदरी पडते. मग 'एफ मेजर' येते. तर्जनी पहिल्या फ्रेटवर सहाही तारांवर आडवी टाकायची आणि उरलेली तीन बोटे पुढच्या दोन फ्रेटवर बसवायची, अशी ही 'बार कॉर्ड'. झंकाराऐवजी मुका, बद्द आवाज निघतो, अंगठ्याचे मूळ दुखू लागते आणि 'बोटांत जोरच नाही' असा निष्कर्ष काढून गिटार कपाटावर चढते.

हा निष्कर्ष बहुधा चुकीचा असतो. तर्जनी सहा तारांवर टेकलेली दिसली, तरी तिच्यावर खरी जबाबदारी तीनच तारांची असते. पाचवी आणि चौथी तार तिसऱ्या फ्रेटवर अनामिका व करंगळी दाबतात, तर तिसरी तार दुसऱ्या फ्रेटवर मधले बोट सांभाळते. उरल्या सर्वांत जाड सहावी आणि बारीक दुसरी व पहिली. म्हणजे जोर हवा तो बोटाच्या दोन टोकांना. मधला भाग सैल राहिला तरी बिघडत नाही. त्यातही तर्जनी सपाट ठेवण्याऐवजी किंचित अंगठ्याच्या बाजूला कलती केली, की मऊ मांसाऐवजी कडेचा हाडाळ भाग तारेवर येतो. पेराची घडी नेमकी एखाद्या तारेखाली आली, तर ती तार हमखास मुकी होते. अशा वेळी अधिक दाबण्यात अर्थ नसतो. बोट दोन-तीन मिलिमीटर वरखाली सरकवावे. बोट फ्रेटच्या धातूच्या पट्टीला अगदी लागून हवे, अंगठा दांडीच्या मागे साधारण मध्यावर. चिमटा काढल्यासारखे आवळण्यापेक्षा कोपर अंगाशी ठेवून हाताच्या वजनाने दांडी हलकेच मागे ओढणे अधिक उपयोगी पडते.

दोष पुष्कळदा वाद्याचाही असतो. दांडीच्या टोकाशी तारांना आधार देणारी 'नट' नावाची पट्टी असते. स्वस्त गिटारींत तिच्या खाचा पुरेशा खोल नसतात, त्यामुळे पहिल्या फ्रेटपाशी तारा नको तितक्या उंच राहतात. याची परीक्षा सोपी आहे. पहिल्या फ्रेटवर कॅपो लावून हीच रचना दुसऱ्या फ्रेटवर धरावी. ती एकाएकी फार सोपी वाटली, तर नटवर संशय घेण्यास जागा आहे. जाणत्या कारागिराकडून खाचा घासून घ्याव्यात. घरी कानस चालवू नये, खाच जास्त खोल गेली तर मोकळी तार खरखरू लागते.

शिकण्याची सुरुवात पहिल्या फ्रेटपासूनच करावी, असेही नाही. ६५० मिलिमीटर तारलांबीच्या गिटारवर पहिल्या फ्रेटचे घर सुमारे ३६ मिलिमीटर रुंद असते, पाचव्याचे २९. तिथे बोटे कमी ताणावी लागतात आणि तार दबतेही सहज. म्हणून हीच रचना आधी पाचव्या फ्रेटवर, म्हणजे 'ए मेजर' म्हणून घोटावी, एकेक तार छेडून तपासावी आणि मग एकेक घर खाली उतरावे. रोज पाच-सात मिनिटे पुरेत. बोटांची टोके हुळहुळली तर चालते. मनगट किंवा अंगठ्याचे मूळ दुखू लागले, की थांबावे. तोवर गाणे अडू नये म्हणून बारीक चार तारांपुरती छोटी 'एफ' आहेच.

या खटाटोपाचे मोल साथीला बसल्यावर कळते. 'एफ' म्हणजे पेटीची पांढरी चार. गायिकेने काळी चार सांगितली, तर नवी कॉर्ड शोधावी लागत नाही. तोच हात तीन घरे वर, चौथ्या फ्रेटवर न्यायचा. काळी पाच हवी असेल, तर सहाव्यावर.