डिस्क ब्रेकचे पॅड बदलताना

एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीवरील नव्या मोटारसायकलींना एबीएस सक्तीचे झाले आणि डिस्क ब्रेकचे काम गल्लीबोळातल्या गॅरेजात आले. पॅड झिजतात तसा कॅलिपरमधला पिस्टन बाहेर सरकतो. नवे जाड पॅड बसवायचे तर तो मागे ढकलावाच लागतो. आमचे अनेक कारागीर बांधव हे पेचकसाने रेटून करतात. आम्हांस ते पसंत नाही. पिस्टन तिरका होतो, सील दुखावते, ऑइल गळते.

दोन पाट्या आणि मध्ये स्क्रू, एवढेच हे हत्यार. घेताना पाट्या मिटवून पाहाव्यात, जुन्या पॅडच्या फटीत शिरल्या पाहिजेत. उघडताना समांतर राहत नसतील तर स्वस्त असूनही घेऊ नये.

आधी पिस्टनभोवतीची माती पुसावी. जुने पॅड जागेवर ठेवूनच स्क्रू हळू फिरवावा. टाकीतले ऑइल वर चढते, सांडले तर रंग खाते. म्हणून भोवती चिंधी गुंडाळावी. सुतीच, नायलॉनची शोषत नाही, एवढे कापडवाले म्हणून आम्ही खात्रीने सांगतो.

नवे पॅड बसल्यावर लिव्हर घट्ट लागेपर्यंत दाबत राहावे, मगच किल्ली द्यावी. पहिल्या दाबाला ब्रेक लागतच नाही, आणि गिऱ्हाईक तर गॅरेजातून थेट हमरस्त्यावर निघते.