वीज गेली तरी नक्षी शाबूत

सोलापुरी चादरीची नक्षी पिढ्यान्‌पिढ्या पुठ्ठ्याच्या कार्डांत साठत आली. ही यंत्राची स्मृतीच! फ्रान्समधल्या ल्यों शहरातल्या जोसेफ-मारी जकार्डने १८०४ मध्ये ही यंत्रणा मागावर आणली. कार्डात भोक असेल तिथे सुई आत शिरते, हूक वर जातो आणि उभा धागा उचलला जातो. भोक नसेल तर धागा खालीच राहतो. आडव्या धाग्याच्या प्रत्येक फेरीला एक कार्ड लागतं, म्हणून नक्षी लांबली की कार्डांची माळही लांबते. वीज जाऊन माग थांबला, तरी एकही भोक बुजत नाही.

संगणकाच्या रॅमला नेमकं हेच जमत नाही. तिच्यातला विद्युतभार सतत गळतो आणि सेकंदाला अनेकदा पुन्हा भरावा लागतो. रॅमच्या २०२० च्या डीडीआर-५ मानकाने वेग वाढवला, व्होल्टेज १.२ वरून १.१ वर आणलं. वीज गेली की सगळं पुसलं जाणं मात्र कायम. एमरॅम ही वेगळ्या प्रकारची रॅम चुंबकीय थराच्या दिशेत ० किंवा १ साठवते, त्यामुळे विजेविनाही माहिती टिकते. अजून ती महाग आहे, क्षमताही कमी. तिकडे मागावरही, नव्या इलेक्ट्रॉनिक जकार्डमध्ये, नक्षी कार्डांऐवजी फाइलमधून येते आणि हूक उचलायचा की नाही, ते विद्युतचुंबक ठरवतो.