चावी फिरते, पण गाडी स्टार्ट घेत नाही

पावसाळा सरल्यावर गावी गेलो, तेव्हा अंगणातल्या पत्र्याच्या शेडमध्ये अब्बांची पद्मिनी ताडपत्रीखाली उभी होती. कुवेतची नोकरी सोडून आल्यावर, 1988 साली, त्यांनी ती घेतली. आपाची पाठवणी हिच्यातूनच झाली आणि दादीला शेवटचे दवाखान्यात नेले तेही हिच्यातूनच. आता चार महिने ती धक्का मारल्याशिवाय चालू होत नव्हती, आणि अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या माणसाने धक्का मारायचा कसा? दोनदा नवी बॅटरी झाली. तालुक्याच्या एका गॅरेजने सेल्फ उतरवून नवे कार्बन ब्रश घातले. तरी चावी फिरवली की बोनेटखालून एक 'टक्' आणि पुढे शांतता. धाकट्या भावाने भंगारवाल्याशी बोलणी करून ठेवली होती; शुक्रवारी जुम्यानंतर तो टेम्पो घेऊन येणार होता. अब्बा यावर काही बोलत नव्हते. रोज सकाळी ताडपत्री बाजूला करून काच पुसत, एवढेच.

मी मेकॅनिक नाही. आयटीआयमध्ये मुलांना घरच्या वायरिंगचे काम शिकवतो. पण वीज घरातली असो वा गाडीतली, तिचा नियम एकच, म्हणून मल्टीमीटर घेऊन बसलो. मंगळवार होता.

पद्मिनी म्हणजे मूळची इटलीची फियाट 1100. ती कुर्ल्याच्या कारखान्यात तयार व्हायची. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्या रूपात ती ऑक्टोबर 2023 पर्यंत रस्त्यावर होती. हिच्यात कॉम्प्युटर नाही, सेन्सर नाही. म्हणजे दोष असलाच तर तो डोळ्यांना, हाताला किंवा साध्या मीटरला सापडायलाच हवा.

सुरुवात बॅटरीपासून करावी. इंजिन बंद ठेवून रात्रभर उभ्या असलेल्या गाडीची बॅटरी मीटरवर 12.6 व्होल्टच्या आसपास दिसली तर ती भरलेली आहे. 12 च्या जवळ आली असेल तर जवळजवळ रिकामी. आमची 12.6 होती. पण नुसत्या या आकड्यावर जाऊ नये. सेल्फ मारताना आकडा किती खाली येतो ते खरे. साडेनऊच्या खाली गेला तर बॅटरी दमलेली समजावी. आमचा आकडा अकराच्या वरच राहिला. इथेच मला संशय आला, कारण सेल्फने खरोखर जोर लावला असता तर बॅटरी याहून खाली यायला हवी होती. वीज जातच नव्हती.

मीटर नसेल तर हेडलाइट लावून चावी फिरवा आणि समोरच्या भिंतीवरचा उजेड पाहा. उजेड पार विझत आला तर बॅटरी कमजोर आहे किंवा टर्मिनल सैल आहे. उजेड तसाच राहिला आणि 'टक्'ही आला नाही तर चावीचा स्विच किंवा सोलेनॉइडची बारीक वायर तपासा. उजेड जवळपास तसाच आणि एकच 'टक्', तर सोलेनॉइड आपले काम करतोय, पण पुढे जाड वायरीच्या वाटेवर कुठेतरी अडथळा आहे. सेल्फ घरघर फिरतो पण इंजिन हलत नाही, तर दात्यांचा दोष. आणि इंजिन नीट फिरूनही पेट घेत नसेल, तर सेल्फचा नाद सोडून डिस्ट्रिब्युटरचे पॉइंट, कंडेन्सर आणि कॉइलकडे वळावे. आमची गाडी धक्क्याने लगेच चालू होत होती, म्हणजे ठिणगी आणि पेट्रोल ठीक होते.

आमच्याकडे उजेड तसाच, आणि 'टक्' एकदाच.

आता अडथळा शोधायचा. आपण सगळे बॅटरीपासून सेल्फपर्यंतची लाल वायर पाहतो आणि परतीची वाट विसरतो. वीज सेल्फमध्ये गेली की तिला इंजिनातून बॉडीत आणि बॉडीतून बॅटरीच्या निगेटिव्हला परत यावे लागते. इंजिन रबरी माउंटवर बसलेले असते, म्हणून इंजिन आणि बॉडी यांना जोडायला तांब्याची विणलेली पट्टी असते. सेल्फ दीडशे अँपियरच्या घरात वीज ओढतो. त्या पट्टीच्या बोल्टखाली गंजामुळे ओहमचा अवघा पन्नासावा भाग इतका अडथळा आला, तरी तिथेच तीन व्होल्ट खर्ची पडतात. हेडलाइटला मात्र चार-पाच अँपियर पुरतात, आणि त्याची परतीची वाट इंजिनातून जात नाही. म्हणून दिवा लख्ख आणि सेल्फ मुका.

बुधवारी सकाळी अब्बा गाडीत बसले होते. मी सांगितले, "चोक ओढून दोन-तीनदा सेल्फ मारा." तिसऱ्या वेळी त्यांनी हात मागे घेतला. "अरे, हा चोक गरम का लागतोय?"

याहून चांगला पुरावा कोणता? पट्टी बंद, म्हणून वीज चोकच्या लोखंडी तारेतून बॉडीत शिरत होती.

खात्री करायला गिअर न्यूट्रलला घेतला, हँडब्रेक ओढला, कॉइलची बारीक वायर काढून ठेवली. मीटरची एक टोचणी बॅटरीच्या निगेटिव्हवर, दुसरी इंजिनाच्या स्वच्छ धातूवर. सेल्फ मारताना इथे 0.2 पेक्षा फार जास्त दिसता कामा नये. आमच्याकडे सहा व्होल्ट! मग कॉइलची वायर परत लावली आणि शेजारच्या मामूंकडची जंप केबल आणून निगेटिव्हपासून थेट इंजिनाला जोडली. अब्बांनी चावी फिरवली. गाडी पहिल्याच झटक्यात चालू झाली. अम्मी स्वयंपाकघरातून पिठाचे हात घेऊनच बाहेर आली.

गॅरेजवाल्याने सेल्फ टेबलावर थेट बॅटरीला जोडून पाहिला होता. तिथे तो फिरणारच, कारण गंजलेली पट्टी गाडीतच राहिली होती. बॅटऱ्या का टिकत नव्हत्या तेही उलगडले: डायनामोही इंजिनालाच बसवलेला असतो, त्याची वीजही त्याच वाटेने जाते.

पट्टी काढताना आधी अंगठी आणि घड्याळ उतरवले. बॅटरीची निगेटिव्ह वायर पहिली सोडली. पॉझिटिव्ह आधी सोडताना पाना बॉडीला लागला तर मोठी ठिणगी पडते, आणि बॅटरीतून निघणारा वायू पेट घेऊ शकतो. गाडीखाली शिरून बोल्ट सोडला तर पट्टीचे एक टोक हिरव्या भुकटीसारखे हातात आले. समुद्र आमच्यापासून दोन मैलांवर आहे, खारे वारे कशाला सोडतात! दोन्ही जागा पॉलिश पेपरने चकचकीत होईतो घासल्या, नवी पट्टी आवळली, वरून पेट्रोलियम जेली लावली. टर्मिनलवरची पांढरी पावडर खाण्याच्या सोड्याच्या कोमट पाण्याने धुतली.

शुक्रवारी टेम्पो आला तेव्हा शेड रिकामी होती. अब्बा अम्मीला घेऊन आपाकडे गेले होते. भंगारवाल्याला चहा पाजला, आणि जाताना त्याने विचारले, "मग जुनी बॅटरी तरी देणार का?" ती दिली.