स्वस्त फासे खोटे पडतात का?

"घाऊक थैलीतले फासे घेऊ नकोस, ते खोटे पडतात. मिठाच्या पाण्यात टाकून बघ, लगेच कळेल." डंजन्स अँड ड्रॅगन्ससारखे टेबलटॉप रोल-प्लेइंग खेळ खेळणाऱ्यांत कुणी नवखा आपला पहिला फाशांचा संच घ्यायला निघाला, की हा सल्ला त्याला मिळतोच. सांगणारा अनुभवी असतो, त्याचा हेतूही चांगला असतो, पण सल्ला चुकीचा असतो. मला याची चीड येते, कारण याचा फटका ज्यांच्याकडे पैसे कमी त्यांनाच बसतो. कॉलेजातली चार-पाच मुलं मिळून खेळ सुरू करणार असतात, आणि त्यांना पहिल्याच दिवशी सांगितलं जातं की धातूचे किंवा धारदार कडांचे महागडे फासे नसतील तर खेळात अर्थ नाही. मग एकतर खेळ लांबणीवर पडतो, नाहीतर पाच जणांत एक संच फिरत राहतो.

आधी ती मिठाच्या पाण्याची परीक्षा पाहू. ग्लासात पाणी घेऊन फासा तरंगू लागेपर्यंत मीठ विरघळवायचं. मग फाशाला टिचकी मारून फिरवायचं आणि तो थांबल्यावर वर कोणता आकडा आला ते पाहायचं. पुन्हा पुन्हा तोच आकडा वर आला तर फासा एका बाजूला जड, म्हणजे शकुनीचा फासा, असा निकाल दिला जातो.

पाण्यात काय घडतं? तरंगणाऱ्या फाशाचं वजन पाणी पेलून धरतं. त्याला अडवायला घर्षण जवळपास नसतं आणि वळायला हवा तेवढा वेळ असतो. अशा स्थितीत गुरुत्वमध्य केसभर जरी सरकलेला असला तरी फासा सावकाश वळतो आणि जड बाजू खाली येते. टेबलावर यातलं काहीच नसतं. तिथे फासा वीतभर उंचीवरून पडतो, आपटतो, उसळतो, कडांवरून गडगडतो. त्या धक्क्यांतल्या ऊर्जेपुढे तो सूक्ष्म कल किती टिकणार? सोनाराच्या काट्यावर भाजी तोलावी, तसा हा प्रकार आहे. काटा अचूक आहे, पण तो जे दाखवतो त्याने खेळात फरक पडतो का, हा प्रश्न तसाच राहतो.

आकड्यांतच पाहा. समोरासमोरच्या पैलूंत २० मिलिमीटर अंतर असलेला ॲक्रिलिकचा वीस पैलूंचा फासा, म्हणजे डी२०, साधारण ६ ग्रॅम भरतो. त्याच्या आत, एका पैलूच्या जवळ, १ मिलिमीटर व्यासाचा हवेचा बुडबुडा राहिला आहे असं धरू. त्या जागी कमी झालेलं वस्तुमान ०.६ मिलिग्रॅमच्या आसपास येतं, आणि तेवढ्याने गुरुत्वमध्य सरकतो तो एका मायक्रॉनपेक्षाही कमी. पाण्यात ठेवलेला फासा एवढ्यानेही वळू शकतो. टेबलावर त्याचा माग काढायचा तर आयुष्यभर फासे टाकत बसावं लागेल.

शिवाय ही परीक्षा सगळ्या फाशांना लागूही पडत नाही. पाण्यात मीठ मावेल तेवढं विरघळवलं तरी घनता १.२ च्या आसपास अडते. ॲक्रिलिकची घनता १.१८ ते १.१९, म्हणून तो जेमतेम तरंगतो. त्याहून जड प्लास्टिकचा फासा तळाशीच बसतो आणि धातूच्या फाशाचा तर प्रश्नच नाही. म्हणजे ज्या महागड्या धातूच्या फाशांची शिफारस होते, ते या परीक्षेला कधी बसतच नाहीत.

पण माझा मुख्य आक्षेप वेगळा आहे. स्वस्त फाशांत जो दोष खरोखर आढळतो, तो या परीक्षेला दिसत नाही. तो दोष वजनाचा नाही, आकाराचा आहे. साच्यातून काढलेला फासा थंड होताना किंचित आकसतो, पुढे घासून गुळगुळीत करताना कुठे कमी, कुठे जास्त झिजतो. त्यामुळे एका दिशेने तो जरासा चपटा राहतो. असा चपटा फासा मधोमध तोललेला असेल तर पाण्यात अगदी निर्दोष वागेल.

चपटेपणाने किती फरक पडतो, याचा भक्कम पुरावा उपलब्ध आहे. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातले प्राणिशास्त्रज्ञ वॉल्टर वेल्डन यांनी बारा फासे २६,३०६ वेळा टाकल्याच्या नोंदी करून त्या १८९४ साली फ्रान्सिस गॉल्टन यांना पत्रातून कळवल्या. एकूण ३,१५,६७२ दानं. त्यात ५ किंवा ६ पडण्याचं प्रमाण एक तृतीयांश यायला हवं होतं, म्हणजे ०.३३३३. आलं ०.३३७७. संख्याशास्त्रज्ञ कार्ल पिअर्सन यांनी १९०० साली काय-वर्ग कसोटी (आलेले आकडे अपेक्षेपासून निव्वळ योगायोगाने ढळले का, हे तपासायची) मांडली, तेव्हा उदाहरण म्हणून याच नोंदी वापरल्या. पुढे २००९ साली शिकागो विद्यापीठात झकरायाह लॅबी यांनी फासे हलवणारं यंत्र आणि कॅमेरा जोडून तोच प्रयोग तितक्याच वेळा केला. त्यांना ५ आणि ६ चा तो जुना कल दिसला नाही. १ आणि ६ मात्र दोन्ही जास्त पडले: १ पडला ५३,२२२ वेळा आणि ६ पडला ५३,२८५ वेळा. अपेक्षा होती प्रत्येकी ५२,६१२ ची. लॅबी यांनी फासे मोजले, तेव्हा १ आणि ६ या पैलूंमधलं अंतर इतर दोन जोड्यांपेक्षा सुमारे ०.२ टक्क्यांनी कमी निघालं. पंधरा मिलिमीटरच्या फाशात हा फरक ०.०३ मिलिमीटर होतो.

या निकालातली एक गोष्ट फासे विकत घेणाऱ्याने नीट लक्षात घ्यावी. चपटा फासा समोरासमोरच्या दोन्ही बाजूंना झुकतं माप देतो. फाशावर समोरासमोरच्या आकड्यांची बेरीज ठरलेली असते, सहा पैलूंच्या फाशात ७ आणि डी२० वर २१. त्यामुळे एकीकडे ६ वाढतो, तसा दुसरीकडे १ ही वाढतो. लॅबींच्या आकड्यांवरून सरासरी काढली तर ३.५०१ येते, आणि निर्दोष फाशाची सरासरी असते ३.५. डी२० चपटा असेल तर २० बरोबर १ ही थोडा जास्त पडेल, किंवा ८ बरोबर १३. शेजारही असाच विचारपूर्वक मांडलेला असतो. बहुतेक डी२० वर २० च्या तिन्ही कडांना २, ८ आणि १४ असतात. फासा त्या बाजूला किंचित कलला, तरी मोठ्या दानांची रास एकाच हाताला लागत नाही. खेळणाऱ्याला वाटतं की खोटा फासा म्हणजे कायम जिंकवणारा किंवा कायम बुडवणारा. कारखान्यातल्या चुकीतून तसा फासा सहसा तयार होत नाही, तो मुद्दाम बनवावा लागतो.

"पण माझ्या फाशावर महिनाभरात २० पडलाच नाही," हे उत्तर यावर ठरलेलं. अगदी निर्दोष डी२० पन्नास वेळा टाकला, तरी एकदाही २० न पडण्याची शक्यता ७.७ टक्के असते. म्हणजे तेरा जण खेळत असतील तर सरासरी त्यातल्या एकाच्या वाट्याला हे येतं. आणि एखाद्या फाशावर २० पडण्याचं प्रमाण खरोखर ५ ऐवजी ६ टक्के असेल, तर ते योगायोगापासून वेगळं ओळखायला दोनेक हजार वेळा फासा टाकून प्रत्येक दान लिहून ठेवावं लागतं. चार वाईट दानं आठवून फाशाला दोषी ठरवणं हा त्या फाशावरही अन्याय आहे आणि ज्याला तो "बदल" म्हणून सांगितलं जातं, त्या नव्या खेळाडूवरही.

मग कॅसिनोतले फासे इतके काटेकोर का असतात? कारण तिथे तेच फासे दिवसरात्र पडतात आणि प्रत्येक दानावर पैसा लागलेला असतो. टक्क्याच्या अंशाएवढा कलही तिथे रोख नुकसान करतो. आपल्या टेबलावर एका बैठकीत एका खेळाडूचा डी२० काही डझन वेळा पडतो आणि समोर असतो तो खेळ चालवणाऱ्या मित्राने उभा केलेला गॉब्लिन.

हा खेळ वाढला तोच मुळी आजच्या स्वस्त फाशांपेक्षा कितीतरी वाईट फाशांवर. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा डंजन्स अँड ड्रॅगन्स १९७४ साली अमेरिकेत आला, तेव्हा बहुपैलू फासे शाळांना शैक्षणिक साहित्य पुरवणाऱ्यांकडून आणले जात. ते इतक्या मऊ प्लास्टिकचे होते की वर्षभराच्या वापराने कोपरे उडून जात. डी२० वर १ ते २० नसायचंच, ० ते ९ हे आकडे दोनदा असायचे आणि खेळाडू त्यातला अर्धा भाग रंगवून फरक करायचे. १९७९ च्या सुमाराला फाशांचा तुटवडा पडला, तेव्हा खेळ काढणाऱ्या कंपनीने पेटीत फाशांऐवजी आकडे छापलेल्या चकत्या घातल्या. त्या चकत्या कपात हलवून दान काढत लोकांनी मोहिमा पूर्ण केल्या. आजच्या घाऊक थैलीतला सगळ्यात सुमार फासाही त्या मऊ प्लास्टिकपेक्षा टणक असतो.

धारदार कडांच्या फाशांबद्दल मात्र जरा न्यायाने बोलायला हवं. असे फासे विकणाऱ्या गेमसायन्स कंपनीच्या लू झोकी यांचा मुद्दा निराधार नव्हता: घासून गुळगुळीत केलेले फासे असमान झिजतात, धारदार कडांचे फासे साच्यातल्या मापाच्या जास्त जवळ राहतात. हे मान्य. पण त्या फाशांवर साच्याचा तुटका कोंब शिल्लक राहतो. ऑसम डाइस या अमेरिकी विक्रेत्याने गेमसायन्सचा एक आणि घासून गुळगुळीत केलेले फासे विकणाऱ्या चेसेक्सचा एक डी२० प्रत्येकी दहा हजार वेळा टाकून पाहिला. दोन्ही फासे आदर्शापासून ढळलेले निघाले, आणि गेमसायन्सच्या फाशावर १४ फारच कमी पडला, कारण तो कोंब समोरच्या ७ च्या पैलूवर होता. जास्त पैसे मोजूनही निर्दोषपणाची हमी मिळत नाही, एवढं यावरून दिसतं.

बाकीचे गैरसमज थोडक्यात. धातूचे फासे जास्त खरे पडतात, हे कुणी दाखवून दिलेलं नाही. ते बहुधा जस्ताच्या मिश्रधातूचे असतात आणि टेबलाला खड्डे मात्र नक्की पाडतात. डी१० हा प्लेटोच्या पाच नियमित घनांत बसत नाही म्हणून तो पक्षपाती, हेही चूक. त्याचे दहाही पैलू एकसारखे आहेत आणि एकमेकांच्या जागी बसू शकतात, खरेपणाला तेवढं पुरतं. १ ते १०० मधलं दान काढायला शंभर पैलूंचा फासा लागत नाही; संचात दोन डी१० असतात, त्यातला एक दशकांचा. वीस पैलूंचे फासे या खेळाने शोधले नाहीत. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये प्राचीन इजिप्तमधला, ग्रीक अक्षरं कोरलेला असा फासा आहे.

एक संच सगळ्यांना पुरतो, या समजुतीवर मात्र थोडं थांबायला हवं. सात फाशांच्या संचात सहा पैलूंचा फासा एकच असतो, आणि डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या पाचव्या आवृत्तीत नुसत्या फायरबॉल या मंत्राला आठ लागतात. घाऊक खरेदीचा खरा फायदा इथे आहे. टेबलाच्या मधोमध वाडगाभर फासे असले की कुणाचं अडत नाही, आणि दर वेळी वेगळा फासा हातात येत असल्यामुळे एखाद्याचा दोष एकाच खेळाडूच्या मागे लागत नाही.

थैली घेताना ती संचांची आहे की वजनावर विकलेली सरमिसळ, हे आधी वाचून घ्यावं. "शंभराहून जास्त फासे" एवढंच लिहिलं असेल तर त्यात पूर्ण संच किती, हे विक्रेत्याला विचारावं. सरमिसळीत डी२० आणि डी४ कमी पडण्याची शक्यता असते. घरी आल्यावर मिठाचा डबा जागेवरच ठेवून फासे उजेडात बघावेत. आरपार दिसणाऱ्या फाशात मोठा बुडबुडा, उडालेला कोपरा, दोनदा छापलेला किंवा गाळलेला आकडा, खाली रेघ नसलेले ६ आणि ९, पार्श्वभूमीत बुडून गेलेला रंग, हे सगळं डोळ्यांना दिसतं. फारच शंका असेल तर व्हर्नियर कॅलिपरने डी२० ची दहाही अंतरं मोजावीत. आणि २०, १९, १८, १७ हे आकडे एकमेकांना लागून आले असतील, तर तो मॅजिक: द गॅदरिंगमध्ये शिल्लक आयुष्य मोजायचा फासा आहे. त्यावर मोठी दानं एकाच बाजूला जमलेली असतात, त्यामुळे आकारातला दोष किंवा हाताची सवय त्यात लगेच पक्षपात आणू शकते. तो गुण मोजायला बाजूला ठेवावा. ही तपासणी थैली हातात पडते त्याच दिवशी उरकावी, म्हणजे सदोष फासे बदलून मागायची मुदत हातची जात नाही.