सुरक्षेची सभा कशी घ्यावी?



गळीत हंगामात गोदाकाठच्या अंबड-घनसावंगी पट्ट्यात गव्हाणीला उसंत नसते. तासभर भाषण ऐकायला सवड कुणाला? म्हणून सभा पाळीच्या सुरुवातीला, दहा मिनिटांची आणि कामाच्या जागीच घ्यावी. एका दिवशी एकच धोका सांगावा.

उदाहरणार्थ, मळीची टाकी. मळी आंबली की कार्बन डायऑक्साइड वायू निघतो. तो हवेपेक्षा जड, तळाशी साचतो; दिसत नाही की वास येत नाही. आत पडलेल्याला काढायला धावलेला दुसराही तिथेच आडवा होतो. नुसते ‘काळजी घ्या’ म्हणून हे उमगत नाही. टाकीपाशी उभे राहून विचारावे, ‘‘जोडीदार आत पडला, तर काय करशील?’’ आधी कामगाराला बोलू द्यावे, मग उत्तर पक्के करावे : हाक मारून माणसे जमवा, हवेचे नळकांडे असलेले श्वसनयंत्र व कमरेला दोर असल्याशिवाय आत उतरू नका.

भोपाळच्या १९८४ च्या दुर्घटनेनंतर १९८७ साली धोकादायक प्रक्रियांच्या कारखान्यांसाठी सुरक्षा समितीची तरतूद कायद्यात आली. तीत कामगार व व्यवस्थापन यांचे प्रतिनिधी समसमान ठेवले, ते उगीच नव्हे.

नवख्या व कंत्राटी मजुराला पुढे बसवावे. आलेली सूचना वहीत लिहावी आणि तिचे काय झाले ते पुढच्या सभेत सांगावे. नाहीतर पुन्हा कोणी तोंड उघडणार नाही.