समुद्रातील नक्षी आणि पॅरिसचे प्रवेशद्वार

एकोणिसाव्या शतकातील जीवशास्त्रज्ञाला चित्र काढता येणे ही हौस नव्हे, तर कामाची गरज होती, कारण सूक्ष्मदर्शकाखाली दिसणारा जीव इतरांना दाखवायचा तर बराच काळ हाताने काढलेल्या चित्राखेरीज दुसरे भरवशाचे साधन नव्हते. जर्मनीतील येना विद्यापीठाचे प्राध्यापक एर्न्स्ट हेकेल (1834–1919) यांच्याकडे हे कौशल्य विलक्षण होते. 1859 च्या सुमारास सिसिलीतील मेसिना येथे त्यांनी रेडिओलेरियांचा अभ्यास आरंभिला. रेडिओलेरिया म्हणजे समुद्रात तरंगणारे एकपेशीय जीव. बहुतेक नुसत्या डोळ्यांना जेमतेम दिसणारे किंवा न दिसणारे, पण त्यांचा सांगाडा काचेच्या जातीच्या सिलिकेचा असून त्यात जाळी, काटे आणि एकात एक बसविलेले गोल अशी रचना आढळते. पुढे ‘चॅलेंजर’ या ब्रिटिश जहाजाच्या सागरी मोहिमेत (1872–76) गोळा झालेले नमुने त्यांच्याकडे आले आणि 1887 मधील अहवालात त्यांनी साडेतीन हजारांहून अधिक नव्या जाती वर्णिल्या.

सर्वसामान्य वाचकांपर्यंत मात्र ते पोहोचले ‘निसर्गातील कलारूपे’ या शंभर चित्रफलकांच्या ग्रंथामुळे. 1899 ते 1904 या काळात तो टप्प्याटप्प्याने प्रसिद्ध झाला. हेकेल यांच्या रेखाटनांवरून आडोल्फ गिल्च यांनी शिळाछापाचे फलक सिद्ध केले. शिळाछाप म्हणजे गुळगुळीत दगडावर तेलकट खडूने किंवा शाईने चित्र काढून, दगड ओला करून त्यावर शाई फिरविण्याची पद्धत, ज्यात ओल्या भागाला शाई धरत नाही आणि तेलकट रेषांनाच धरते. जेलीफिशच्या आठव्या फलकाच्या मध्यभागी असलेल्या जातीला हेकेल यांनी अकाली निवर्तलेल्या पहिल्या पत्नीचे, आना झेटे यांचे, नाव दिले होते; तिचे लांब, मोकळे तंतू फलकभर असे वळविले आहेत की ती शास्त्रीय आकृती कुठे संपते आणि वेलबुट्टी कुठे सुरू होते, हे सांगणे अवघड व्हावे.

हीच त्यांची ताकद आणि हाच त्यांचा दोष. 1868 च्या एका ग्रंथात कुत्रा, कोंबडी आणि कासव यांचे भ्रूण म्हणून एकच ठसा तीनदा छापल्याचे बाझेलचे प्राध्यापक रूटिमायर यांनी दाखवून दिले आणि पुढील आवृत्तीत हेकेल यांना ती चूक सुधारावी लागली. कलाग्रंथातही त्यांचा ओढा एकेका नमुन्यातील विसंगती टिपण्यापेक्षा आदर्श सममिती मांडण्याकडे होता.

शास्त्रज्ञाला खटकणारी ही सुबकता सजावटकारांना मात्र आयती सोयीची ठरली, कारण वळणदार, वनस्पती-प्राण्यांवर बेतलेल्या रेषांची ‘आर्ट नूव्हो’ ही शैली तेव्हा युरोपात बहरत होती. वास्तुविशारद रने बिने यांनी 1900 च्या पॅरिस प्रदर्शनाचे भव्य प्रवेशद्वार रेडिओलेरियांच्या सांगाड्यांवरून रचले आणि आपल्या कल्पनेचे मूळ हेकेल यांच्या अभ्यासात असल्याचे त्यांना पत्राने कळविले. जो सांगाडा भिंगाशिवाय नीट दिसत नाही, त्याच्या जाळीखालून प्रेक्षकांचे लोंढे आत जात होते. पुरावा म्हणून हेकेल यांची चित्रे पारखूनच घ्यावीत. सजावटीचा आराखडा म्हणून त्यांच्या तोडीचे त्या काळात फारसे काही नाही. बिने यांचे प्रवेशद्वार प्रदर्शनानंतर पाडण्यात आले, तर मोनाकोच्या सागरविज्ञान संग्रहालयात हेकेल यांच्या चित्रांवर बेतलेले जेलीफिशच्या आकाराचे झुंबर आजही पाहता येते.