शिटी आणि फाटक

रेल्वेच्या गावात नवे बिऱ्हाड केलेल्या माणसाला पहिले आठ दिवस झोप म्हणून लागत नाही. सोलापूर जिल्ह्यातले कुर्डुवाडीच घ्या ना! एकीकडे मुंबई-सोलापूरचा मोठा मार्ग, दुसरीकडे बार्शी लाईटचा. १८९७ साली कॅल्थ्रॉपसाहेबाने अडीच फुटी रुळांवर छोटी गाडी सुरू केली, तोच हा मार्ग. आता तोही रुंद झाला आहे आणि छोट्या गाडीची शिटी जाऊन तिथेही मोठ्या इंजिनाचा भोंगा आला आहे.

‘वाफेच्या इंजिनाची शिटी काय गोड होती हो!’ असे जुनी मंडळी म्हणतात. त्यात गोडवा शिटीचा किती आणि आठवणीचा किती, देव जाणे! पण हल्लीचा भोंगा दाबलेल्या हवेवर वाजतो आणि एकदम अंगावर येतो, हे खरे. त्यातून थंडीची रात्र. जमिनीलगतची हवा गार, वरची उबदार. अशा वेळी आवाज वर न जाता खाली वळतो आणि दूरची शिटी थेट उशाशी येते.

मग कोणी गृहस्थ २००० सालचे ध्वनिनियम काढून दाखवतात. वस्तीत रात्री दहानंतर मर्यादा ४५ डेसिबलची! पण ड्रायव्हर काही हौसेने शिटी फुंकत नाही. शिटीची एक भाषाच आहे. एक आखूड म्हणजे निघायला तयार; चार आखूड म्हणजे गाडी पुढे जाऊ शकत नाही; लांबलचक म्हणजे पुढे फाटक किंवा बोगदा. रुळाकाठी ‘सी/फा’ अशी पाटी दिसते ना, ती त्याला हेच बजावते: सीटी वाजव, फाटक आहे.

‘रात्री दोन वाजता फाटकात कोण असणार?’ असे विचारणाऱ्याने साखर कारखान्यांच्या मुलखात गळीत हंगामात एकदा जागून पाहावे. उसाने लादलेली बैलगाडी, वर पेंगणारा गाडीवान. रुळांत चाक अडकले तर बैलांना घाई करता येत नाही, आणि भरधाव गाडीला थांबायला किलोमीटरभर लागतो.

यावर उपाय नाही असे नाही. डॉ. अनिल काकोडकर यांच्या समितीने २०१२ साली सांगितले, की पाच वर्षांत सगळीच फाटके काढून टाका. ब्रॉडगेजवरची बिनपहाऱ्याची फाटके २०१९ च्या जानेवारीपर्यंत गेली. पहाऱ्याची अजून हजारोंनी आहेत. तिथे पूल हवा. गंमत अशी, की शिटीविरुद्ध अर्जावर सही करणारेच पूल मंजूर झाला की ‘आमची दुकाने झाकली जातील’ म्हणून दुसऱ्या अर्जावर सही करतात!

तोवर फाटक पडले, की सायकल आडवी करून दांड्याखालून काढणारे महाभाग रोज दिसतात. त्यांच्या कानी पडावी म्हणून शिटी लांब वाजते, आणि ती नेमकी आपल्याला ऐकू येते.